घंटा कोठें वाजावी ?

एखाद्या माणसाचा स्वभाव ओळखावयाचा असला तर त्याचें हस्ताक्षर पाहावें, असें कोणी म्हणतात. कोणी त्याच्या जोड्यांच्या टाचा पाहावयास सांगतात. मला विचाराल तर एखाद्या पेढीचा किंवा कचेरीचा खरा स्वभाव कळावयास तेथील टेलिफोनच्या तारा कशा घातल्या आहेत तेवढें पाहिलें म्हणजे पुरें. दर्शनी पाटीवर काय लिहिलें आहे, भिंतीवर कोणत्या देवाची तसबीर आहे, गादीवर कोण बसला आहे, या सर्व गोष्टी बाहेरच्यांस दाखविण्याकरितां असतात. तारा भिंतीआड असतात, आणि म्हणूनच त्या खरें बोलतात. घंटा प्रथम कोणाच्या टेबलावर वाजते, कोणाला आंकडा फिरवितांच बाहेरगांव मिळतें व कोणाला नुसता आंतल्या आंत आवाज देतां येतो, कोणाच्या खोलीपर्यंत तार मुळीं गेलेलीच नाहीं, हें ज्याला ठाऊक आहे त्याला त्या घरांतील मानपानाचा सगळा इतिहास ठाऊक आहे असें खुशाल समजावें.

हें मी अनुभवानें सांगतों. तारा ओढणें हाच माझा धंदा. वीसएक वर्षें मीं दुकानें, दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, पतपेढ्या यांतून लहान लहान टेलिफोन-यंत्रणा बसविल्या. कागदोपत्रीं या यंत्रणेला ‘ईपीएबीएक्स’ असें एक जिभेस न झेपणारें नांव आहे; आम्ही तारवाले तिला ‘बोर्ड’ म्हणतों आणि गिऱ्हाईक सरसकट ‘इंटरकॉम’ म्हणतें. बाहेरच्या दोनतीन लायनी एका बाजूनें आंत येतात, दुसऱ्या बाजूनें आठदहा उपकरणांच्या तारा बाहेर पडतात, आणि मधें भिंतीवर बसलेली ती पेटी कोणाचें कोणाशीं जुळवावयाचें तें ठरविते. पूर्वीं लग्नें जुळविणारे एक गृहस्थ प्रत्येक गांवांत असत. त्यांचाच हा व्यवसाय. आतां तो पुष्कळ ओसरला आहे. ज्याच्या त्याच्या खिशांत फोन आला, आणि नव्या कचेऱ्यांतून तर संगणकाच्या जाळ्यावरूनच आवाज जातो. असो. गेलेल्या धंद्याबद्दल रडगाणें गाण्याचा माझा विचार नाहीं.

त्या सर्व कामांपैकीं एक काम माझ्या मनांत वेगळें राहिलें आहे. तें आमच्या मामांच्या छापखान्याचें, १९९७ सालचें. पुण्यास शनिवार पेठेंत एका जुन्या दुमजली वाड्यांत हा छापखाना होता. रस्त्याकडच्या ओसरीवर मामांची कचेरी. तिच्यामागें अक्षरजुळणीची खोली, जींतून खिळ्यांच्या केसी नुकत्याच हद्दपार होऊन संगणक आले होते. त्याच्यापलीकडे छपाईचीं यंत्रें. चौक ओलांडला म्हणजे पत्र्याच्या छपराखालीं बाइंडिंग-खातें. तेथें सातआठ बायका फर्म्यांच्या घड्या घालीत बसत, आणि दूरच्या कोपऱ्यांत कागद कापण्याचें मोठें यंत्र असे. माडीवर एका अंगाला कागदाची कोठी व दुसऱ्या अंगाला बिऱ्हाड.

एवढ्या पसाऱ्याला लाईन एकच होती. तिचा फोन काळा, जड, चकती फिरविण्याचा. तो मामांच्या टेबलावर, त्यांच्या उजव्या हाताशीं. त्याच तारेला पुढें दोन फांद्या काढून एक उपकरण अक्षरजुळणीच्या खोलींत व एक माडीवर बिऱ्हाडांत दिलें होतें. या पद्धतीला आम्ही ‘पॅरलल’ म्हणतों. तिचा गुण म्हणा कीं दोष म्हणा, असा कीं एकाचें बोलणें तिघांना ऐकतां येतें. त्यांतून त्या जुन्या फोनची आणखी एक गंमत होती. चकती परत फिरतांना ती तारेंतील प्रवाह टकटक तोडीत येई, आणि प्रत्येक तुटीसरशीं दुसऱ्या उपकरणांतील घंटेचा लोलक किंचित् हले. खालीं मामांनीं नंबर फिरविला कीं माडीवर टिंग्, टिंग्, टिंग् असा अगदीं बारीक आवाज होई. रोज संध्याकाळीं साडेसात वाजण्याच्या सुमारास मामा कागदाच्या व्यापाऱ्यास दुसऱ्या दिवसाची मागणी सांगत व त्यानंतर कचेरी बंद करीत. तो व्यापारी कधीं सातला भेटे, कधीं आठला. मामी घड्याळाकडे पाहत नसत. ती संध्याकाळची टिंगटिंग ऐकूनच त्या भात टाकीत. तीस वर्षांत मामा पानावर बसले आणि भात कच्चा राहिला, असें एकदांही घडलें नव्हतें.

थोडक्यांत म्हणजे आमचे मामा हेच छापखान्याचें एक्स्चेंज होते. टेलिफोनच्या इतिहासाकडे पाहिलें तर प्रारंभीं सर्वत्र माणसेंच हें काम करीत असत. १८७८ च्या जानेवारींत अमेरिकेंत न्यू हेवन येथें पहिलें व्यापारी एक्स्चेंज उघडलें तेव्हां त्याचे वर्गणीदार अवघे २१ होते. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं एक्स्चेंजें सुरू झालीं. अमेरिकेंत या बोर्डांवर प्रथम पोरगे बसवीत. ते गिऱ्हाइकांस उलट उत्तरें देत व चेष्टा करीत, म्हणून त्याच १८७८ च्या सप्टेंबरांत बॉस्टन येथें एमा नट नांवाची पहिली स्त्री त्या कामावर आली, आणि पुढें तो व्यवसाय बहुतांशीं स्त्रियांचाच झाला. पण मधें माणूस बसला कीं त्याच्या रागालोभालाही तारेवर वाट मिळते. ऑल्मन स्ट्रॉजर नांवाचा कॅन्सस सिटींतील एक गृहस्थ. धंदा प्रेतसंस्काराच्या व्यवस्थेचा. एक्स्चेंजवरची बाई आपल्या गिऱ्हाइकांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्याला संशय आला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, माणसावांचून नंबर जोडणारें यंत्र त्यानें काढलें व १८९१ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें, हें मात्र खरें. ती कथा खरी मानली तर स्वयंचलित टेलिफोनचा जन्म थोर शास्त्रीय जिज्ञासेंतून नव्हे, मधल्या माणसावरील अविश्वासांतून झाला असें म्हणावें लागेल.

मामांवर अविश्वास दाखविण्याची कोणाची छाती नव्हती, आणि तसें कारणही नव्हतें. त्यांनीं कोणाचा निरोप कधीं दडविला नाहीं कीं वळविला नाहीं. फक्त त्यांचा एक नियम होता. टेबलाशेजारीं भिंतीवर तारेचा एक आकडा ठोकलेला होता. कामगारांसाठीं फोनवर आलेला निरोप मामा चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरांत लिहून त्या आकड्याला लावीत, आणि दुपारच्या सुट्टींत सगळ्या चिठ्ठ्या एकदम वांटीत. यंत्र चालू असतांना माणसाला हाक मारूं नये, असें त्यांचें म्हणणें. हा नियम निष्कारण नव्हता. कागद कापण्याच्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाचें लक्ष क्षणभर उडालें तर काय होतें, हें त्यांनीं तरुणपणीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें.

१९९४ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं अकराच्या सुमारास घड्या घालणाऱ्या एका बाईंसाठीं फोन आला. भाऊ दवाखान्यांत आहे, लगेच निघून यावें, एवढाच निरोप. मामांनीं तो लिहून घेतला, आणि समोर कोणी गिऱ्हाईक बसलें होतें म्हणून म्हणा किंवा वर्षानुवर्षांच्या संवयीनें म्हणा, आकड्याला लावला. चिठ्ठी एक वाजतां बाईंच्या हातीं पडली. त्या पोहोंचल्या तेव्हां भाऊ गेलेला होता. चौदाव्या दिवशीं त्या कामावर परत आल्या, आपल्या जागेवर बसल्या, आणि फर्मे पुढें ओढून घड्या घालूं लागल्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मामाही कांहीं बोलले नाहींत. हें सारें मला मामींकडून कळलें. मामांच्या तोंडून त्याचा उच्चार मीं कधींच ऐकला नाहीं. दोन तास अगोदर कळल्यानें काय झालें असतें हें डॉक्टरांनाच ठाऊक. पण असला हिशेब मनुष्य डॉक्टरांना विचारून करीत नसतो.

नवी यंत्रणा घेण्याचा आग्रह माझ्या मामेभावाचा. त्यानें नुकतेंच कारभारांत लक्ष घातलें होतें, आणि नव्यानें कारभार पाहूं लागलेल्या मुलांप्रमाणें त्याला छापखान्यांतील सर्वच वस्तु जुन्या दिसूं लागल्या होत्या. दुसरी लाईन आली होती. “बसवायचें तर डिजिटलच,” असें त्यानें ठरवून टाकलें होतें. मामांनीं मला समोर बसवून घेतलें.

“डिजिटल म्हणजे काय रे ?”

“मामा, साध्या फोनांत आवाजाची लाट जशीच्या तशी तारेंतून जाते. डिजिटलमध्यें ती लाट सेकंदाला आठ हजार वेळां मोजतात, आणि लाटेऐवजीं नुसते आंकडे पाठवितात. पलीकडे ते आंकडे क्रमानें मांडून पुन्हां लाट उभी करतात.”

मामा क्षणभर विचार करून म्हणाले, “म्हणजे खिळे जुळविण्यासारखेंच कीं ! बोलणें सुटें करायचें आणि पलीकडे पुन्हां जुळवायचें.”

मीं हा विषय पुष्कळ गिऱ्हाइकांना समजावून सांगितला आहे, पण इतक्या लवकर तो कोणालाही कळलेला मला आठवत नाहीं. १९३७ सालीं पॅरिस येथें काम करीत असलेल्या ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज एंजिनियराला ही कल्पना सुचली तेव्हां ती परवडेल अशा रीतीनें अमलांत आणण्याचीं साधनें नव्हतीं; दोन तपांनंतर तिचा व्यापारी उपयोग सुरू झाला. प्रत्येक मापाला आठ बिटें, आणि सेकंदाला आठ हजार मापें, म्हणजे एका माणसाच्या आवाजाला सेकंदास ६४,००० बिटें लागतात. १९९७ सालीं हा सगळा उद्योग मामांच्या टेबलावरील उपकरणाच्या पोटांत, नखाएवढ्या चकतीवर होणार होता.

पण या आंकड्यांच्या फोनची एक अट असते. प्रत्येक उपकरणाला बोर्डापासून थेट स्वतःची अशी तारांची जोडी लागते. मधेंच फांदी काढलेली त्याला खपत नाहीं. एकाच जोडीवरून बोर्ड आणि उपकरण आंकड्यांची अखंड देवघेव करीत असतात. कित्येक यंत्रांत तर सेकंदास हजारों वेळां आळीपाळीनें. त्या दोघांच्या मधें तिसरें उपकरण टांगलें कीं दोघांचेंही बोलणें विस्कटतें. मामांच्या वाड्यांतील जुनी तार एकत्र कुटुंबाप्रमाणें फांदीला फांदी फुटून वाढलेली होती. ती सगळी काढून आठ जणांच्या आठ निराळ्या चुली मांडावयाच्या होत्या.

जुन्या वाड्यांत तार ओढणें हें काम ज्यानें केलें नाहीं त्याला तें सांगून कळणार नाहीं. भिंती दोन दोन फूट जाडीच्या, आंत पांढऱ्या मातीच्या. भोंक पाडावयास गेलें कीं आंतून माती भसाभस ढासळते, आणि तार घालावयाच्या आंत भोंक बुजून जातें. तुळयांवरून न्यावी तर उंदीर आपलेच आहेत. दिव्याच्या तारेजवळून टेलिफोनची तार नेऊं नये. ओलांडणें भागच पडलें तर काटकोनांत ओलांडावी. आणि वाड्यांत तर दिव्याच्या तारा पूर्वजांनीं वाटेल तेथून नेलेल्या! जोडींतल्या दोन तारा एकमेकींस पीळ घालून असतात तें शोभेसाठीं नव्हे. शेजारच्या जोडींतला आवाज पिळामुळें दोघींवर सारखाच पडतो व परस्पर फिटून जातो. पीळ सोडविला कीं शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येऊं लागतें. म्हणून जोडाच्या जागींसुद्धां तो अगदीं बोटभर अंतरापर्यंत राखावा लागतो. शिकाऊ पोरगे नेमके येथेंच उतावीळ होतात.

रंगांचें शास्त्र मात्र मोठें रमणीय आहे. पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा हे पांच एका पक्षाचे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी हे पांच दुसऱ्या पक्षाचे. या पक्षांतल्या प्रत्येकाची त्या पक्षांतल्या प्रत्येकाशीं जोडी लावली म्हणजे पंचवीस जोड्या होतात. हा क्रम ज्याला पाढ्यांसारखा पाठ आहे तो विजेरीच्या उजेडांत नुसते दोन रंग पाहून ही जोडी कितवी तें सांगतो. पुढें त्या जोड्या क्रोनच्या पट्टीवर बसवावयाच्या. तारेचें आवरण सोलावें लागत नाहीं. ती खांचेंत ठेवून हत्यारानें एक ठोसा दिला कीं आंतलीं पातीं आवरण कापून तांब्याला घट्ट धरतात, आणि त्याच ठोशांत उरलेलें टोक छाटून पडतें. ‘खट्’ असा एक आवाज होतो. तो आवाज ऐकला म्हणजे मला जें समाधान वाटतें तें पुष्कळ लोकांना भजन ऐकून वाटत असावें.

जमिनीच्या जोडाचें, म्हणजे अर्थिंगचें, काम निघालें तेव्हां मामी खालीं आल्या. टेलिफोनच्या बॅटरीचें धन टोक जमिनीस जोडण्याची जुनी चाल आहे. तारेवर त्यामुळें ऋण दाब राहतो, व ओल लागली तरी तांबें झिजून जात नाहीं. शिवाय वीज पडलीच तर बाहेरच्या लायनींवरून आलेला तिचा झटका बोर्डांत न शिरतां जमिनींत जावा, यासाठींही हा जोड चांगला हवा. त्यासाठीं खोल खड्डा खणून, आंत धातूचा पत्रा उभा करून, त्याच्याभोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर घालतात. मीं सोयीची म्हणून तुळशीवृंदावनामागची जागा धरली होती. “तुळशीच्या मुळाशीं मीठ ?” एवढेंच मामी म्हणाल्या. खड्डा चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यांत गेला. शास्त्रदृष्ट्याही त्यांचेंच बरोबर होतें.

खरें अवघड काम मात्र यानंतर असतें. पेटीला शहाणपण शिकवावें लागतें. आणि त्यासाठीं प्रथम एक तक्ता भरावा लागतो. बाहेरून फोन आला तर घंटा कोठें वाजावी. कोणीं न उचलल्यास ती पुढें कोणाकडे जावी. कोणाला फक्त आंतले नंबर मिळावे, कोणाला गांवांतले, कोणाला बाहेरगांवचे. रात्रीं काय व्हावें. प्रश्न साधे दिसतात. पण मीं असे तक्ते भरतांना भागीदारांचीं तोंडें फिरलेलीं पाहिलीं आहेत. वर्षानुवर्षें जें कोणीं बोलून दाखविलेलें नसतें तें या तक्त्यांत आंकड्यांनीं लिहावें लागतें. पेटीला ‘चालवून घ्या’ असें सांगतां येत नाहीं.

मामेभावानें आपला तक्ता आधींच तयार करून आणला होता. पहिलें उपकरण मामांना, दुसरें त्याला, मग हिशेबनीस, अक्षरजुळणी, यंत्रखातें, माडी, फॅक्स. आठवें कागदाच्या कोठींत. शिवाय दुसऱ्याचें बोलणें चालू असतां आपल्याला मधें शिरतां यावें, हा अधिकार त्याला स्वतःसाठीं हवा होता. अशी सोय पुष्कळ यंत्रांत असते व मालक लोक ती मोठ्या आवडीनें मागतात. मामांनीं ती ओळ पेन्सिलीनें खोडली. “चोरून ऐकायचें काम आपल्या घराण्यांत नाहीं,” ते म्हणाले. तीस वर्षें तीन उपकरणांवर सर्वांचें सर्वांना ऐकूं येत होतें, ही गोष्ट त्यांना त्या वेळीं आठवली नसावी. किंवा उघड्या दारांतून ऐकूं येणें आणि दाराला कान लावणें यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षां अधिक कळत असावा.

“बाइंडिंगला एखादा नको का ?” मीं विचारलें.

“नको. काम सोडून बोलत बसतील.” मामांनीं वर न पाहतांच उत्तर दिलें.

मीं पुढें बोललों नाहीं. तक्ता मालकाचा असतो, तारवाल्याचा नसतो. फक्त आठव्या जागेसंबंधानें एक गोष्ट सांगणें भाग होतें, ती मीं सांगितली. या बोर्डावर सहा जागा डिजिटल होत्या व दोन साध्या. एका साध्या जागेवर फॅक्स जाणार, कारण डिजिटल जोडीवर तें चालत नाहीं. दुसरी, म्हणजे आठवी, साधी जागा विशेष होती. वीज गेली तर चार बॅटऱ्या कांहीं तास बोर्ड चालवीत. परंतु त्याही संपल्या तर सगळीं डिजिटल उपकरणें मुकीं होत. त्या वेळीं पेटी आपण होऊन एक काम करी. बाहेरची पहिली लाईन ती थेट आठव्या जागेच्या तारेस जोडून देई. तेथें जुना साधा फोन असेल तर तो टेलिफोन-एक्स्चेंजकडून येणाऱ्या प्रवाहावर चालूं शके.

“हा काळा आपला टाकूं नका,” मीं म्हटलें. “तोच आठव्या जागीं लावूं. मीं त्याची तार तुमच्या टेबलाशींच धरली आहे.”

मामांनीं चष्मा काढला व धोतराच्या सोग्यानें पुसूं लागले.

“म्हणजे सगळें बंद पडल्यावर हा एकच जिवंत राहणार ?”

“हो.”

“आणि तो कुठें ठेवायचा तें आपण ठरवायचें ?”

“हो, मामा.”

चष्मा पुसून झाला तरी ते तो पुशीतच होते. मग त्यांनीं चष्म्यानेंच चौकाच्या पलीकडे खूण केली. “तिकडे लाव.”

“बाइंडिंगमध्यें ?” मामेभाऊ म्हणाला. “अण्णा, आत्तां तर तुम्हीच नको म्हणालांत !”

“कापायचें यंत्र तिथें आहे,” मामा म्हणाले. “कुणाला लागलें-सवरलें, आणि दिवे गेलेले असले, तर काय इथपर्यंत पळत यायचें ? यंत्रापासून दूर लाव, घड्यांच्या बाजूला.” मग मजकडे वळून, “आणि त्याला कुलूप नको.”

कुलूप म्हणजे बाहेरचे नंबर बंद ठेवण्याची योजना. मीं तक्त्यावर लेखणी धरून विचारलें, “गांवांतले सगळे मोकळे ठेवूं ?”

“सगळे.”

“बाहेरगांव ?”

“तेंही. त्यांचीं माणसें काय सगळीं पुण्यांतच राहतात ?”

मामेभावानें बिलाचा प्रश्न काढण्यासाठीं तोंड उघडलें होतें. तें त्यानें मिटलें. कोठींतलें उपकरण रद्द झालें. दुसऱ्या दिवशीं मीं आठवी जोडी, पांढऱ्या पक्षांतले पांच रंग संपून तांबड्यांतली तिसरी, म्हणजे तांबडा-हिरवा, मामांच्या टेबलाशेजारून उलगडून घेतली, चौकाच्या कडेनें गच्चीखालून नळींतून नेली, आणि घड्या घालणाऱ्या बायकांच्या मागच्या खांबावर रोझेट ठोकून तो काळा फोन फळीवर बसविला. कचेरींतून मीं त्याची घंटा वाजवून पाहिली. बराच वेळ कोणीं उचलला नाहीं. खिडकींतून पाहतों तों सातआठ जणी त्याच्याकडे बघत उभ्या.

यानंतर आठ दिवसांनीं मामींनीं मला बोलावून घेतलें. माडीवरचें नवें उपकरण सुरेख होतें. त्याच्या लहानशा पडद्यावर कोण बोलावतो आहे त्याचें नांव उमटे. पण मामांनीं खालीं नंबर दाबला तर आतां माडीवर कांहींच टिंगटिंग होत नसे. प्रत्येकाची जोडी निराळी, आणि या फोनला लोलक नाहीं, घंटाही नाहीं. “आतां भात केव्हां टाकायचा तें सांग,” मामी म्हणाल्या. यंत्राच्या पुस्तकांत यावर उपाय नव्हता. शेवटीं मामांनींच रोज कचेरी बंद करण्यापूर्वीं माडीचे दोन आंकडे दाबून “टाक” एवढें म्हणावयाचें असें ठरलें. तीस वर्षें जें न सांगतां कळत होतें तें त्यांना साठीनंतर रोज तोंडानें सांगावें लागूं लागलें. पहिले कांहीं दिवस ते हें इतकें हळू म्हणत कीं मामींना दोनदां विचारावें लागे.

निरोपांचें म्हणाल तर बाइंडिंगसाठीं आलेला फोन मामा दोन आंकडे दाबून तिकडे पाठवूं लागले. भिंतीवरचा आकडा राहिला; त्याला पुढें कागदवाल्यांचीं बिलें लागूं लागलीं.

१९९८ च्या जुलै महिन्यांत एके दिवशीं फॅक्सची कांहीं तक्रार होती म्हणून मी छापखान्यांत गेलों होतों. रात्रभर पाऊस होता, आणि पहांटेपासून वीज नव्हती. बॅटऱ्या दहाच्या सुमारास संपल्या. उपकरणांचे पडदे एकापाठोपाठ एक काळे झाले. छपाई बंदच होती. मामा खिडकीच्या उजेडांत मुद्रितें तपाशीत बसले होते. तेवढ्यांत चौकापलीकडून त्या जुन्या फोनची घंटा ऐकूं आली. ती दोनदांच वाजली. थोड्याच वेळांत त्याच बाई डोक्यावरून पदर ओढून पावसांतून चौक ओलांडून आल्या. हातांत कापलेल्या कागदाची एक पट्टी होती. तिच्यावर पेन्सिलीनें एक नांव व त्याच्या कामाचा नंबर लिहिलेला. पट्टी त्यांनीं मामांच्या पुढें ठेवली.

मामांनीं ती वाचली. “केव्हां आला होता ?”

“आत्तां. धरून ठेवलाय त्यांनीं.”

मामा उठले. त्यांनीं छत्री शोधली नाहीं; वहाणा पायांत सरकवल्या आणि बाईंच्या मागोमाग चौक ओलांडून बाइंडिंगमध्यें गेले. मी खिडकींतून पाहत होतों. काळ्या फोनचें नळकांडें कानाशीं धरून ते उभ्यानें बोलूं लागले. बोलणें लांबणार असें दिसलें तेव्हां बाईंनीं घडी घातलेल्या फर्म्यांचा गठ्ठा बाकावरून बाजूला सारला आणि त्यांना बसावयास जागा करून दिली.